अर्ध्यावर थांबलेला उतार

भिंत सरळ उभी राहतेय की नाही ते बघायला गवंडी दोरीच्या टोकाला वजन बांधून सोडतात, त्याला ओळंबा म्हणतात. जमीन खात्याच्या कचेरीतल्या त्या तपासनिसाला सगळे लोक ह्याच नावानं ओळखायचे. तोंडावर "साहेब" आणि पाठ वळली की "ओळंबा". नाव त्याच्या कानावर आलं होतं. रागवायचं सोडून तो उलट मनातल्या मनात खूश झाला होता. सरळपणाची एवढी पावती नोकरीत दुसरी कोण देणार?

त्याचं काम असं. सपाट, कसणुकीतलं शेत कुणी नांगरलं तर त्याला विचारायची गरज नाही. पण जमीन डोंगर-उताराची असेल, किंवा बरीच वर्षं पडीक राहून तिच्यावर झाडोरा माजला असेल, तर तो तोडण्याआधी आणि मातीला मशीन लावण्याआधी परवानगी हवी. ओढ्याच्या काठाला हात लावायचा नाही. सपाटीकरण कोरड्या महिन्यांतच उरकायचं. आणि माती हलवल्यावर पाणी कुठून कसं जाईल ते आधी कागदावर दाखवायचं. अर्ज आला की हा टेकडीवर जाऊन उतार मोजायचा, ओढ्यापासूनचं अंतर बघायचा आणि मग हो किंवा नाही लिहायचा.

हा नियम लोकांना जाच वाटायचा. त्याला वाटत नसे. तो नोकरीला नवा लागला होता तेव्हा नियम नव्हता, आणि तेव्हाच कुणीतरी गावावरची अख्खी टेकडी बोडकी करून टाकली होती. पाऊस झाला आणि टेकडीचा चिखल ओढ्यातून सरळ पिण्याच्या पाण्यात उतरला. कितीतरी दिवस नळाला तांबडं पाणी येत होतं. सायकलला कॅन लटकावून त्यानं लांबच्या विहिरीवरून ताईच्या घरी पाणी नेलं होतं. तेव्हापासून नियमाला नावं ठेवणाऱ्याला तो ऐकवायचा, "तो चिखल तुम्ही गाळून प्यायला असतात, तर असं बोलला नसतात."

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा हा शाळेत होता आणि वडील कामासाठी कायम परगावी. त्याची गणितं, त्याचे ताप, त्याचे फाटलेले बूट, सगळं ताईनंच निस्तरलं. तिचं लग्न ठरलं तेव्हा तिनं नवऱ्या मुलाला स्वच्छ सांगितलं होतं, "धाकट्याची शाळा संपल्याशिवाय मी घर सोडणार नाही." तो मुलगा थांबला, कुरकुर न करता थांबला. तेच पुढे ह्याचे भावजी झाले.

भावजींची शेती गावाबाहेर, टेकडीच्या पायथ्याशी. हा एकटा जीव, कचेरीजवळच्या गल्लीत वरच्या मजल्यावर एक खोली घेऊन राहायचा. रविवारचं जेवण मात्र ताईकडे. दारातून आत पाऊल टाकलं की भावजी म्हणायचे, "या साहेब. खुर्चीचा उतार मोजून बसा, नाहीतर घसराल." दर रविवारी तोच विनोद, आणि दर रविवारी भावजी त्यावर पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसायचे.

घरामागे टेकडीच्या अंगावर भावजींचा एक तुकडा होता. त्यांचे वडील तो कसायचे. पुढे भावजींची पाठ धरली, वर चढणं बंद झालं, आणि तुकडा पडीक पडला. काटेरी झुडपांनी तो असा काही गिळला की बांधसुद्धा दिसेनासे झाले.

आणि मग भाची परत आली. ती शहरात एका रोपवाटिकेत नोकरी करत होती. एक दिवस सामान घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "दुसऱ्यांची झाडं वाढवून कंटाळा आला. वरच्या तुकड्यात बाग लावते." भावजींचं वयच उतरलं त्या दिवशी. घराच्या बाजूला तिनं हिरव्या जाळीचा मांडव घातला, आणि त्याच्या सावलीत काळ्या पिशव्यांमधून रोपं वाढवायला घेतली. संध्याकाळी दोघं बापलेक तिथं वाकून काय बघायचे कोण जाणे. ताई म्हणायची, "पाळणाघर उघडलंय दोघांनी."

एका रविवारी जेवता जेवता भावजींनी सहज विचारलं, "काय रे, वरचा तुकडा साफ करायला परवानगी लागेल का? वडिलांच्या वेळेपासून कसलेलीच जमीन आहे."

उत्तर एका वाक्याचं होतं. जमीन कसलेली असली तरी मध्ये इतकी वर्षं पडीक राहिली की जुनी सवलत संपते, लागेल परवानगी. कचेरीच्या खिडकीवर एखाद्या अनोळखी माणसानं हाच प्रश्न विचारला असता तर ह्यानं त्याला बाकावर बसवून, पाठकोऱ्या कागदावर टेकडी काढून समजावलं असतं. पण इथं तो म्हणाला, "भावजी, कचेरीत या. घरी मी कचेरीचं बोलत नाही."

ताईचा हात वाढता वाढता थांबला. "अरे, हो की नाही एवढंच विचारतायत ते."

"ताई, आज मी इथं हो-नाही सांगितलं, तर उद्या लोक म्हणतील की मेहुण्याची फाईल जेवणाच्या ताटावर झाली."

"बरोबर आहे त्याचं," भावजी हसून म्हणाले आणि त्यांनी भाजीचं भांडं त्याच्याकडे सरकवलं.

भावजी कचेरीत आले. खिडकीपुढे रांग होती, पाठीचा पट्टा बांधून ते रांगेत उभे राहिले. काचेच्या पलीकडे आपल्या टेबलाशी बसलेल्या ह्याला ते दिसले, आणि ह्यानं मान खाली घालून कुठलातरी नकाशा वाचायला घेतला. अर्ज आत आला तेव्हा त्यानं रीतसर लिहून दिलं की अर्जदार आपले नातेवाईक आहेत, तेव्हा हे प्रकरण दुसऱ्या कुणी बघावं. दुसरं कुणी म्हणजे मोठे साहेब. साहेबांचं टेबल म्हणजे जुनी विहीर होती. आत पडलेलं दिसायचं, पण वर यायचं नाही. फाईल तिथं पडली ती पडलीच. येता-जाता ती ह्याच्या नजरेला पडायची. "साहेब, तेवढं बघता का," एवढं म्हणायला जीभ काही झिजली नसती. परक्याच्या फाईलीसाठी तो हे कितीदा तरी म्हणाला होता. इथं म्हणाला नाही. म्हटलं तर ती शिफारस झाली असती.

कोरडे महिने सरत चालले. तिकडे मांडवात रोपं वाढत होती. पिशवीत मूळ गोल गोल फिरायला लागलं की रोप कामातून जातं, म्हणून भाचीची घाई. भावजी पुन्हा दोनदा कचेरीत हेलपाटे घालून आले, आणि "साहेबांकडे आहे" एवढंच ऐकून परतले. शेवटी त्यांना वाटलं, वडिलोपार्जित जमीन आहे, कसलेली आहे, आणि अर्जही दिलेला आहे. कोण काय म्हणणार? त्यांनी डोझर बोलावला.

आठवड्यातल्या कामाच्या शेवटच्या दिवशी दुपारी कचेरीच्या खिडकीवर एक शेतकरी आला. भावजींच्या खालच्या अंगाला त्याचं शेत आणि पाण्याचं तळं होतं. माणूस वाईट नव्हता, घाबरला होता. "वर टेकडी उकरायला घेतलीय," तो म्हणाला. "पाऊस आला तर सगळी माती माझ्या तळ्यात. परवानगी आहे का त्यांना?"

मोठे साहेब बैठकीला परगावी गेलेले. कचेरीत तपासनीस म्हणून हा एकटा. "सोमवारी साहेब आले की बघतील," असं म्हणायला तो तोंड उघडतच होता. तेवढ्यात तो शेतकरी रांगेतल्या लोकांकडे वळून म्हणाला, "बघू या आता, ओळंबा स्वतःच्या घराला लागतो का."

रांगेत कुणीतरी हसलं. ह्यानं नोटिसांचं पुस्तक उचललं आणि स्कूटरची किल्ली घेतली.

टेकडीवर पोचला तेव्हा काम अर्ध्यावर आलं होतं. झुडपं निघाली होती. वरच्या अंगाची सुपीक काळी माती डोझरनं ढकलून एका बाजूला ढीग करून ठेवली होती, आणि लागवडीसाठी उतारावर करायच्या खालच्या पायऱ्या भरायला जेमतेम सुरुवात झाली होती. उघडी टेकडी सोललेल्या गुडघ्यासारखी लाल दिसत होती. आयुष्यभर उतार बघितलेल्या माणसाला हे सांगायला कुणाची गरज नव्हती की डोंगर अंगावरची झाडं असताना टिकतो, नाहीतर पायऱ्या पुऱ्या होऊन पाण्याला वाट मिळाल्यावर टिकतो. मधल्या अवस्थेत तो नुसता ढिगारा असतो.

भावजी खाली उतरून आले. नोटीस हातात घेऊन त्यांनी चष्मा न लावताच ती वाचल्यासारखी केली. "बरं," म्हणाले. "थांबवतो."

डोझरवाला मशीन बंद करून आला. "साहेब, काम थांबवा, पण आज एवढा वेळ द्या. वरच्या बाजूनं पाणी वळवायला चर मारतो आणि हा ढीग दाबून घेतो. असं उघडं टाकून जाणं बरं नाही."

"मामा, तेवढं करू दे," भाची म्हणाली. "मी पेंढा आणून ठेवलाय. आम्ही तिघं मिळून पसरतो. मशीन नको तर नको."

त्या नोटिशीच्या तळाशी एक रिकामी जागा असायची. काम बंद करताना जमीन राखायला काही तातडीचं करायचं असेल, तर तपासनिसानं ते तिथं लिहून द्यायचं. चर खणा, पेंढा पसरा, ढिगावर ताडपत्री टाका. बिनपरवाना काम करणाऱ्या किती अडेल लोकांना त्यानं ती जागा भरून दिली होती. काहींनी तर त्याला शिव्या घालता घालता ती घेतली होती.

त्यानं वर बघितलं. आभाळ निरभ्र होतं. कुंपणापाशी खालच्या शेताचा तो शेजारी उभा होता, आणि त्याच्यासोबत आणखी दोघं-तिघं. ह्याच्या मनात आलं की आता इथं एक ओळ जरी लिहिली, तरी सोमवारी कचेरीत तीच ओळ फिरेल: मेहुण्याला मागच्या दारानं काम चालू ठेवू दिलं. त्यानं त्या रिकाम्या जागेवर पेनानं आडवी रेघ मारली.

"सोमवारी साहेबांची सही घेऊन मी स्वतः येतो," तो म्हणाला. "तोवर कुणी कशाला हात लावायचा नाही. नियम सगळ्यांना सारखा."

भाचीनं त्याच्याकडे बघितलं आणि पेंढ्याचा भारा परत उचलला.

रविवारी दुपारी आभाळ भरून आलं. कुणाच्या ध्यानीमनी नसलेला पाऊस, आणि आला तोही बादली उपडी केल्यासारखा. त्या रविवारी तो ताईकडे जेवायला गेला नव्हता; तब्येत बरी नाही म्हणून फोन केला होता. खिडकीच्या काचेवर पहिला मारा बसला तसा तो उठला, चपलांऐवजी कचेरीचेच बूट पायात घातले आणि स्कूटर काढली. रस्त्यावर कडेच्या गटारातून पाणी उसळत होतं. सगळ्या वाटेनं तो मनाशी एकच धरून होता: भावजी काही माझं ऐकून हातावर हात धरून बसणारे नाहीत. चर खणला असेल त्यांनी. कसलं ऐकतायत ते.

तिघंही ओसरीवर उभी होती. फावडी भिंतीला टेकवलेली, कोरडी. पेंढ्याचे भारे छपराखाली रचून ठेवलेले.

"चर?" त्यानं विचारलं.

"तू नको म्हणालास ना," ताई म्हणाली.

तो फावडं घेऊन पळाला. टेकडी कोसळली वगैरे नाही. तसं धाडकन काही झालंच नाही. आधी लाल पाण्याच्या बारीक वेण्या उतरत होत्या, मग त्या एकमेकींत मिसळल्या, मग काळ्या मातीचा ढीग खालून भिजून बसला आणि सावकाश, जणू वेळच वेळ आहे अशा चालीनं, खाली यायला लागला. त्या ढिगानं जाळीच्या मांडवाचा एक खांब वाकवला, मग दुसरा. जाळी रोपांवर निजली आणि तिच्यावरून चिखल पुढे गेला. पुढे कुंपण, कुंपणापलीकडे तळं. हा घोटाभर चिखलात उभा राहून चर खणत होता आणि खणलेलं बुजत होतं. बऱ्याच वेळानं कुणीतरी मागून फावड्याचा दांडा धरला. भावजी होते. पाठीचा पट्टा भिजून लोंबत होता.

"राहू दे," ते म्हणाले. "आता काय करायचंय."

संध्याकाळी पाऊस थांबल्यावर ताईनं त्याला पंचा दिला, कोरडे कपडे दिले, चहा दिला. भाची मांडवाच्या जागी उकिडवी बसून हातानं पिशव्या शोधत होती. एखादी सापडली की रोप बघायची आणि बाजूला ठेवायची. भावजी तिच्याजवळ उभे होते.

ताई त्याच्या समोर बसली. "धाकट्या, एक विचारू?"

"विचार."

"दुसरं कुणी परकं असतं, तर खणू दिला असतास ना चर?"

आयुष्यात ताईशी तो खोटं बोललेला नव्हता. "हो," तो म्हणाला.

ताईनं मान हलवली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्याला पुढे वर्षानुवर्षं वाटत राहिलं. "आम्हाला जास्तीचं काही नको होतं रे," एवढंच ती म्हणाली, आणि त्याची बशी उचलून आत गेली.

शेजाऱ्याचं तळं चिखलानं निम्म्याहून अधिक भरलं होतं. तो सोमवारी कचेरीत आला, तेव्हा त्याच्या तोंडावर हसू नव्हतं. "चर तरी मारू द्यायचा होता तुम्ही," तो म्हणाला. "मी कुठं नको म्हणत होतो?" ज्याच्या नजरेला भिऊन रेघ मारली, त्यालाही ती रेघ नको होती.

कहर पुढेच झाला. महिन्याच्या बैठकीत मोठ्या साहेबांनी ह्याला उभं केलं आणि सगळ्या कचेरीसमोर सांगितलं, "ह्याला म्हणतात कर्तव्य. सख्ख्या बहिणीच्या घरालासुद्धा ह्यांनी सोडलं नाही." टाळ्या पडल्या. ज्या टेबलावर ती फाईल सडली, त्याच टेबलामागून कौतुक चाललं होतं. तोंड उघडून बोलावं असं त्याला वाटलं, पण बोलणार काय? ह्या साहेबांनी फाईल दाबली, असं म्हणायला हा कुठं धुतल्या तांदळासारखा होता. तो खाली बसला.

नंतर त्यानं खटपट करून नोटिशीचा तो छापील नमुना बदलून घेतला. जमीन राखण्याची कामं आता कुणाच्या मर्जीवर राहिली नाहीत. काम थांबवण्याच्या प्रत्येक नोटिशीवर ती छापूनच येतात. हे चांगलं झालं, सगळे म्हणतात. नातेवाइकांच्या प्रकरणांना मुदत घालून घेण्यासाठीही तो भांडला. वरातीमागून घोडं, पण घोडं तर आलं.

भाची शहरात परत गेली. दुसऱ्यांचीच झाडं वाढवते, आणि चांगली वाढवते म्हणतात. जाताना तिनं मामाला वाकून नमस्कार केला, फोनवरही नीट बोलते. तिचं काही चुकलं असं कुणालाच म्हणता यायचं नाही. भावजीही कधी वावगं बोलले नाहीत. रविवारी हा गेला की "या, बसा," म्हणायचे आणि वर्तमानपत्र पुढे करायचे. खुर्चीच्या उताराचं मात्र पुन्हा कधी निघालं नाही. त्या नेमाच्या विनोदाला तो इतकी वर्षं मनात कंटाळलेला होता. आता दारात पाऊल ठेवताना कान टवकारून उभा राहायचा.

टेकडीच्या अंगावर मुरूम तेवढा उरला होता. काळी माती कुणी परत वर नेऊन टाकत नाही. भावजींनी दोन वर्षं कशीबशी काढली आणि मग घरासकट सगळंच विकून ती दोघं गावात, दोन खोल्यांच्या जागेत राहायला आली. भावजी गॅलरीत खुर्ची टाकून रस्ता बघत बसायचे.

त्याच्या निवृत्तीचं वर्ष होतं तेव्हा खिडकीतून एक अर्ज त्याच्या टेबलावर आला. भावजींच्या त्या तुकड्याच्या नव्या मालकाचा. माणूस तरुण, नीटस, घाई नसलेला. नकाशा चोख होता, पाण्याच्या वाटा दाखवलेल्या होत्या. हा जागेवर गेला. उतार मोजला, ओढ्यापासूनचं अंतर मोजलं. जुन्या ओसरीच्या जागी नवी पडवी झाली होती, तिच्याकडे त्यानं फारसं बघितलं नाही. नाकारण्यासारखं काही नव्हतं. फाईल त्यानं स्वतःच हातात घेऊन साहेबांकडून सही करवून आणली, आणि कोरडे महिने सुरू व्हायच्या आत परवानगी त्या माणसाच्या हातात पडली. काम चालू असताना दोनदा जाऊनही आला. चर नीट खणले होते, पायऱ्यांवर पेंढा पसरला होता. पाऊस झाला तेव्हा खाली उतरलेलं पाणी जवळजवळ स्वच्छ होतं.

त्या रविवारी त्यानं ताईला हे सांगितलं. सांगावं की न सांगावं, असा घोळ जिन्यापर्यंत चालला होता. भावजी गॅलरीत होते. त्यांना ऐकू गेलं असेल किंवा नसेल.

"चांगलं केलंय काम?" ताईनं विचारलं.

"चांगलं केलंय. टिकेल आता तो उतार."

"काय लावणार आहेत तिथं?"

उतार विचारला होता, अंतर विचारलं होतं, पाणी कुठून जाणार ते तीन-तीनदा विचारलं होतं.

"विचारायचं राहिलं," तो म्हणाला.

ताई "चहा टाकते," म्हणून उठली. तो भावजींच्या शेजारी जाऊन उभा राहिला. त्यांनी पायानं दुसरी खुर्ची त्याच्याकडे सरकवली आणि दोघंही खालचा रस्ता बघत राहिले.